अडकलेला कडुलिंब



नाताळच्या मिस्साबलीनंतर आमच्याकडे सर्वांचे एकत्र जेवण असते. गॅसवर मोठी पातेली नीट शिजत नाहीत, असे आमच्या जुन्या स्वयंपाकी मंडळींचे ठाम मत आहे. म्हणून दरवर्षी लाकडे लागतात. गेल्या आगमनकाळात पाणीगेटच्या बाहेर, आजवा रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्या एका कुटुंबाने सांगितले, "मागच्या वाड्यात कडुलिंब वाळून उभा आहे. परवानगी काढली आहे. तोडा आणि न्या." वाळलेले लाकूड, तेही फुकट! मी धर्मशिक्षणाच्या वर्गातली चार मोठी मुले घेतली, कुऱ्हाड आणि करवत घेतली आणि शनिवारी सकाळी निघालो. मी कलाशाखेचा पदवीधर. झाड तोडण्याचे माझे ज्ञान म्हणजे लहानपणी मामाच्या गावी जे पाहिले तेवढेच.

शेजारचे एक वयस्कर गुजराती सुतारकाका ओट्यावर बसून पाहत होते. ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूला आम्ही खाच घेतली आणि मागून करवत चालवली. कडुलिंब कलला, पण जमिनीवर आलाच नाही. वाटेत आंबा होता. त्याच्या फांद्यांत शेंडा अडकला आणि सगळे झाड तिरपे लटकून राहिले. बुंध्याचे टोक अजून खुंटावरच टेकलेले होते.

आम्हाला हसू आले. मी वर्गातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाला म्हणालो, "जा रे, खालच्या फांदीला दोर बांध, ओढून पाडू." तो गेलाही. मी सांगितले म्हणून गेला, याच वर्षी त्याचे दृढीकरण व्हायचे होते. तो खोडाखाली वाकला तेवढ्यात काका ओट्यावरून ओरडले, "आघो खस! आघो खस!" मुलगा दचकून मागे आला. मला खरे म्हणजे रागच आला. सगळ्यांसमोर कोणी आपल्याला टोकलेले आवडत नाही.

काकांनी आम्हाला सगळ्यांना वाड्याच्या फाटकापर्यंत मागे नेले आणि मग समजावले. उभे झाड मुळांवर असते, पडलेले झाड जमिनीवर असते, पण अडकलेले झाड कशावरच नसते. सगळा भार एखाद्या फांदीवर असतो आणि ती केव्हा मोडेल ते कोणालाच कळत नाही. म्हणून त्याच्याखाली जायचे नाही, त्यावर चढायचे नाही. ज्या झाडाने त्याला धरले आहे ते तोडायला जायचे नाही, कारण मग दोन्ही एकदम अंगावर येतात. दुसरे झाड त्यावर पाडून त्याला खाली आणायचा प्रयत्न तर मुळीच नाही. बुंध्याचे तुकडे करत गेले की झाड आपोआप उतरते असे वाटते, पण प्रत्येक तुकड्यागणिक ते कुठे सरकेल याचा भरवसा राहत नाही. यातल्या दोन गोष्टी मी मनातल्या मनात आधीच ठरवून ठेवल्या होत्या.

काकांनी ओळखीच्या गॅरेजमधून चेन-कप्पी मागवली. खोडाच्या बाजूने जाऊन, झाडावर सतत नजर ठेवून, त्यांनी स्वतः बुंध्याच्या टोकाला लांब दोर बांधला. दोराचे दुसरे टोक आंब्याच्या उलट दिशेला, मागच्या जाड चिंचेला बांधलेल्या कप्पीला अडकवले. शेंडा ओढायचा नसतो, बुंधा मागे खेचायचा असतो. म्हणजे झाड आंब्यातून हळूहळू सुटते. दोर तुटला तर चाबकासारखा येतो, म्हणून त्याच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. एकाने चिंचेच्या आडून साखळी ओढायची, बाकीच्यांनी लांब राहायचे.

पाच-सहा वेळा साखळी ओढली असेल नसेल, आंब्याची फांदी कडाडली. कडुलिंब एकदम खाली आला आणि त्याचा बुंधा दोन हात मागे उसळला. धूळ बसल्यावर पाहिले, तर तो मुलगा जिथे वाकला होता तिथली जमीन खचली होती. त्याने टाकलेला दोर खोडाखाली दबला होता. कोणीच बोलले नाही. मुले लाकडे फोडू लागली, आणि मी पाणी पिण्याचे निमित्त करून घराच्या पुढच्या बाजूला जाऊन बसलो.

अनुवाद ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक माणूस शेजाऱ्याबरोबर रानात लाकडे तोडायला जातो. कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजाऱ्याला लागते आणि तो मरतो. पूर्वीचे वैर नव्हते, म्हणून त्या माणसाला शरणनगरात जीव वाचवता येतो. हा उतारा मी वर्गात कितीदा शिकवला आहे, आणि दरवेळी एकच सांगितले आहे : देव हेतू पाहतो. त्या दिवशी ओट्यावर बसल्या बसल्या मला पहिल्यांदाच त्या मेलेल्या शेजाऱ्याचा विचार आला. त्याच्या घरच्यांना माझे स्पष्टीकरण पुरले असते का? त्याच ग्रंथात थोडे पुढे, बाविसाव्या अध्यायात, नव्या घराच्या धाब्याला कठडा करायला सांगितले आहे, कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. ते वचन मी बांधकामाचा नियम समजून नेहमी पटकन पुढे जात असे.

मुलाची आई विधवा आहे, शिवणकाम करून घर चालवते. कोणी सांगितले नसते तर तिला कळलेही नसते, कारण मुलांना तो दिवस गमतीचाच वाटला होता. संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो आणि घडले ते सगळे सांगितले. माझा हेतू वाईट नव्हता, हेही सांगितले. ती शिलाई मशीन थांबवून ऐकत होती.

मग तिने विचारले, "सर, तुम्ही स्वतः गेला असता खाली?"

मी म्हणालो, "नाही, ताई."

बराच वेळ ती हातातल्या कापडाकडे पाहत राहिली. मग उठली, चहा ठेवला. चहा पिऊन होईपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही. रविवारी मुलगा वर्गाला आला. त्याच्याबरोबर तीही आली आणि मागच्या बाकावर वर्ग सुटेपर्यंत बसून राहिली.