सात वाजता उमलणारी फुलं

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत मी आमच्या मांडवावरची एक वेल कंदासकट उपटून टाकली.

तलासरीत आमच्या घरामागे काकीने कंटोलीचा मांडव केलाय. कंटोली म्हणजे करटोली. पावसाळ्यात हायवेच्या कडेला आमच्याकडच्या बायका वाटे लावून बसतात ती, मऊ काट्यांची हिरवी भाजी. मुंबईत ती भाव विचारून परत ठेवावी इतकी महाग असते. काकीने टेकडीवरून कंद आणून पाच वेली लावल्या होत्या. चार वेलींना फळं लागायची. पाचवीला नुसतीच पिवळी फुलं.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "वांझ आहे ती. फुकट जागा अडवते."

मी सॉफ्टवेअरवाला. कोडमध्ये कुणी वापरत नसलेलं फंक्शन दिसलं की हात शिवशिवतात. लगेच कुदळ घेतली. काकी ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

मागच्या वर्षी पावसाळाभर मी घरूनच काम करत होतो. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या आणि चारही कंद फुटले. जुलैत मांडव भरला, फुलं आली. प्रत्येक फुलाच्या मागे वाटाण्याएवढी काटेरी गाठ होती, म्हणजे होऊ घातलेली कंटोलीच. दोन-तीन दिवसांत गाठ पिवळी पडायची आणि बोट लावलं की गळायची. मी शेणखत घातलं, राख टाकली, कडुनिंबाचं पाणी मारलं. तीन आठवड्यांत एकही फळ धरलं नाही.

शेवटी भाजीचं शास्त्रीय नाव शोधलं : मोमॉर्डिका डायोइका. 'डायोइका'चं मूळ ग्रीक आहे, अर्थ साधारण 'दोन घरांची'. नर फुलं एका वेलीवर, मादी फुलं दुसऱ्या वेलीवर. पपईत अशी झाडं असतात हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण मांडवाखाली उभा असताना ते आठवलं नव्हतं. मी उपटली ती वेल नर होती. आमच्या मांडवावर तेवढी एकच.

पुढे वाचायला लागलो तर इंटरनेट मला सारखं गांजाकडे नेत होतं. गांजाची झाडंही नर-मादी वेगळी असतात, आणि तिथे सगळ्यांना फक्त मादी हवी. म्हणून परदेशात 'फेमिनाइज्ड' बियाणं बनवतात. मादी झाडावर चांदीचं द्रावण फवारलं की झाडातल्या इथिलिन या संप्रेरकाचं काम अडतं आणि मादीवरच पराग देणारी फुलं येतात. त्या परागात नराचं वाय गुणसूत्र नसतं, म्हणून बियांतून जवळपास सगळ्या माद्याच उगवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय गांजा लावणं 1985च्या अमली पदार्थ कायद्यानुसार गुन्हा आहे, अगदी घरच्या कुंडीतही. पण सिल्व्हर नायट्रेटचा हाच प्रयोग संशोधकांनी कंटोलीच्या मादी वेलींवरही केलाय आणि त्यांवर परागाची फुलं आणून दाखवली आहेत.

वाचून मला हसू आलं. सगळं जग नराला कसं टाळायचं याच्या मागे, आणि मला एक नर हवा होता. कंटोलीत तशा बियाण्याची गरजही कमीच. मादीचा कंद लावला की मादीच येते. बी लावली तर मात्र फूल दिसेपर्यंत काही कळत नाही. शेतकरी साधारण आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. तेवढा पुरतो.

काकीला सांगितलं तर ती म्हणाली, "टेकडीवर अशा नुसत्या फुलांच्या वेली पुष्कळ आहेत. तिथे कोण साफसफाई करतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही टेकडीवर गेलो. नर फूल ओळखणं सोपं निघालं : मागे गाठ नाही, देठ लांब, आणि देठाच्या टोकाला फुलाला कवेत घेणारं छोटं पान. पंधरा-वीस फुलं आणून मादी फुलांवर घासली. चार दिवसांनी सगळ्या गाठी गळाल्या.

चूक वेळेची होती. ही कंटोली संध्याकाळी फुलते. साडेसहा-सातला पाकळ्या सुटायला लागतात, मंद वास येतो, अंधारात पतंग येतात. सकाळपर्यंत फुलाचा जीव गेलेला असतो. आम्ही कालची फुलं कालच्याच फुलांना लावत होतो, तीही भिजलेली.

आता अडचण अशी की सात वाजता माझा अमेरिकेतल्या टीमसोबत रोजचा कॉल. पहिल्या दिवशी मी कॅमेरा बंद करून, कानात इअरफोन घालून मांडवाखाली उभा राहिलो. काकीने दुपारीच उमलायला आलेल्या नर कळ्या लांब देठासकट आणून पाण्याच्या पेल्यात ठेवल्या होत्या. सातच्या सुमारास त्या पेल्यातच उमलल्या. एकेका फुलाच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि पिवळी पूड मादी फुलाच्या मधल्या चिकट टोकावर हलकेच टेकवायची. एक नर फूल तीन-चार माद्यांना पुरलं. मग पावसासाठी वर कागदाची टोपी, आणि लावलेलं फूल कळावं म्हणून देठाला दोरा.

टॉर्च धरून काकी म्हणाली, "म्हणजे ती वांझ नव्हती."

"नाही. नर होती."

बराच वेळ ती काही बोलली नाही. कानात कुणीतरी माझं नाव घेऊन रिलीज कधी, असं विचारत होतं.

"मला पालघरला नेलं होतं दोनदा तपासायला," ती म्हणाली. "एकदा सुरतला. तुझ्या काकाला कुणी नेलं नाही."

काका जाऊन सहा वर्षं झाली. काकीला मूल नाही आणि त्यासाठी घरात कोणता शब्द वापरला जायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. बारशाला तिला पाळण्यापासून लांब बसवायचे, तेही पाहिलंय. त्या वेलीला आजी तेच म्हणाल्या तेव्हा काकी ओटीवर होती, आणि मी कुदळ शोधत होतो.

मी इअरफोन काढून खिशात टाकला. काय बोलावं सुचलं नाही. "काकी, तेव्हा मी विचारायला हवं होतं," एवढंच म्हणालो.

"टॉर्च धर," ती म्हणाली. "ते वरचं राहिलंय."

चौथ्या दिवशी दोरा बांधलेल्या गाठी हिरव्याच होत्या. साधारण दोन आठवड्यांनी अकरा कंटोली निघाली. काकीने कांदा-लसणावर परतली, वर ओलं खोबरं. शेजारच्या आजींना वाटी तिनेच नेऊन दिली.

हिवाळ्यात वेली सुकायच्या आधी तिने टेकडीवरच्या एका नर वेलीला खूण करून ठेवली आणि मग तिचा कंद आणून मांडवाच्या मधोमध लावला. यंदा तो फुटलाय. बुंध्याला तिने लाल चिंधी बांधलीय, कुणी उपटू नये म्हणून. मी माझा कॉल आठवर नेलाय.