गहू सुटला तेव्हा

तिसऱ्या तासाला माझा हात फळ्यावरच थांबायचा. सातवीच्या पोरांना वाटायचं, बाई शब्द आठवतायत. मला भूक लागलेली असायची. सकाळी पोटभर वरण-भात खाऊन आल्यावरही.

गहू सोडून तेव्हा दोन आठवडे झाले होते. त्याआधीची पाच वर्षं थकव्यातच गेली. लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकत नव्हतं. घरी-शाळेत सगळ्यांचं एकच, चाळिशी आली, त्यात रमजानचे रोजे, थकणारच! मीही तेच धरून चालले. शेवटी अमरावतीत रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला आणि नाव कळलं, सीलिअ‍ॅक. गहू आणि जवातल्या ग्लुटेनने लहान आतड्याचं अस्तर झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही, लोहसुद्धा. इलाज एकच, ग्लुटेन जन्मभर बंद.

वाटलं होतं, आठवड्यात ताजी होईन. पण अस्तर भरून यायला महिने लागतात. आणि मी चपाती काढून टाकली, तिच्या जागी काही ठेवलंच नाही. भात, मुरमुरे, चहा. बिस्किटं गेली. हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, हे डबी उलटून वाचल्यावर कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत अम्मीकडे अकोल्याला निघाले. बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि मोबाइलवर या आजाराबद्दल वाचत होते. डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हावर संशय होताच. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा बिघडली. एवढ्यात मूर्तिजापूरला समोसेवाला चढला. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

अम्मीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मतलब अब तू जवारीच खाएगी?" तिच्या लहानपणी गव्हाची रोटी ईदला नाहीतर पाहुणा आला तर. रोज ज्वारी, आणि 1972 च्या दुष्काळात रेशनची लाल मिलो. आपल्या पोरांच्या ताटात रोज गहू असेल, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं. तिला ते माझं दुखणं कमी आणि आपली हार जास्त वाटली असावी.

सकाळी मात्र तिनेच गरम पाण्यात ज्वारीचं पीठ मळलं. कित्येक वर्षांनी थापत होती, पहिली भाकर तव्यावर टाकताना फाटली. अंबाडीच्या भाजीसोबत मी दोन खाल्ल्या. असरची अजान झाली तरी भूक नव्हती.

चक्कीवर आधी गहू दळलेला असतो, तो ज्वारीत मिसळतो. म्हणून घरघंटी घेतली. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन अकरा झालं. पाचवा तास अजून खुर्चीत बसूनच घेते. डब्यात तीन भाकरी नेते, कारण एक स्टाफरूममधल्या मैत्रिणी मला मिळूच देत नाहीत.