म्हापशाच्या बाजारातली सावली

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पाहायचा तर मे महिन्यात. पावसाळ्याच्या पुरुमेंताची खरेदी जोरात असते: सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, आमसुलं, सुकी मासळी. शिवाय मानकुराद. भाव विचारत फिरताना एकदा वरही बघा. निळी ताडपत्री, मोठी छत्री, कुठे जुनी साडी. ज्याला जे जमलं ते.

गिऱ्हाईक सावली धरूनच चालतं. उन्हात बसलेल्या भाजीवालीसमोर कोणी फार वेळ थांबत नाही. दुपारच्या आत तिची पालेभाजी माना टाकते, मग भाव पाडावा लागतो.

पण सगळी सावली सारखी नसते. खाली, डोक्याला लागेल अशी बांधलेली ताडपत्री ऊन अडवते, पण स्वतः तापते आणि गरम हवा कोंडून ठेवते. हिरवी शेडनेट ५० टक्के, ७५ टक्के अशा मापात मिळते. तिच्यातून वारा खेळतो, गरम हवा वर निघून जाते. पाऊस मात्र ती अडवत नाही, तेव्हा जूनपासून ताडपत्रीला पर्याय नाही.

सगळ्या बाजारावर एकच पत्र्याचं छप्पर घालावं, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. वरून हवा जायला वाट नसेल तर खाली भट्टीच होणार. त्यापेक्षा उंच खांब आणि गुंडाळता येणारी जाळी बरी. तीही आधी बाजाराच्या कडेला हवी. गावाहून एक टोपली घेऊन आलेल्या बायका तिथेच बसतात, आणि छत्री टेकवायलाही त्यांना आधार नसतो. त्यांच्याकडून भाजी घ्यायची तर सकाळी लवकर जा.