पहिलं नाव

शेंगेन व्हिसाच्या अर्जात पहिला रकाना आडनावाचा. दुसरा जन्मावेळच्या आडनावाचा. तिसरा पहिल्या नावाचा, आणि त्यापुढे लगेच जन्मतारीख. म्हणजे माणसाचं, त्यातही बाईचं, आडनाव बदलू शकतं हे युरोपला ठाऊक आहे आणि त्यासाठी रीतसर जागा ठेवलेली आहे. पहिलंच नाव बदलू शकतं, ही गोष्ट मात्र अर्ज तयार करणाऱ्यांच्या डोक्यात कधी आलेली नाही. मला हे २०२४च्या नोव्हेंबरात कळलं, गाझियाबादेत, वसुंधरातल्या घरी, आईचा अर्ज भरताना.

धाकटी बहीण युरोपात असते. देशाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. अडतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले होते, फेब्रुवारीअखेरची तारीख दिली होती. आईने बाळंतपणाला जायचं हे न बोलता ठरलेलंच होतं. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते. वय ७१, गुडघे कुरकुरणारे, पासपोर्ट कोरा. कुटुंबाला भेटायला जायचं तर नातं सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध करणारा कागद एकच, बहिणीचा जन्मदाखला. तो काढून पाहिला तर त्यात आईचं नाव माहेरचं.

यात चूक कोणाचीच नव्हती. आम्ही दोघी बहिणी आईच्या माहेरी, कराडजवळच्या एका गावात जन्मलो. ग्रामपंचायतीत नोंद करायला आजोबा गेले. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, तेव्हा नोंद करायची असते हे आजोबांना माहीत होतं. 'आईचं नाव?' असं विचारल्यावर त्यांनी आपल्या लेकीचं नाव सांगितलं, ज्या नावाने ते तिला हाक मारत ते. पुढे जावयाचं नाव, पुढे जावयाचं आडनाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवीन नाव त्यांच्या तोंडात कधी बसलंच नव्हतं.

ती दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही, आईने बजावलंय. माहेरचं नाव एका नदीचं आहे आणि सासरचं देवीचं, एवढं पुरे.

मी दोन प्रकारचे अनुवाद करते. एक कथा-कादंबऱ्यांचे, ज्यांच्यामुळे लोक मला अनुवादक म्हणतात. दुसरे कागदपत्रांचे, ज्यांच्यावर घरभाडं निघतं. गुरुग्राममधले इंजिनियर, छावणीतली कुटुंबं, पुढच्या शिक्षणाला निघालेली मुलं यांचे मराठी दाखले इंग्रजीत करून द्यायचे. कवितेच्या पानाला मिळतं त्याहून सातबाऱ्याच्या पानाला जास्त मिळतं, आणि वेळेवर मिळतं. अनेक युरोपीय देशांत न्यायालयाने शपथ दिलेले अनुवादक असतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. खाली 'हे भाषांतर मूळ दाखल्याबरहुकूम आहे' असं लिहून सही करायची, नोटरीचा शिक्का मारून घ्यायचा. सगळा कारभार त्या एका वाक्याच्या भरवशावर चालतो.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, बरोबर असाच पेच घेऊन. आईचं नाव दाखल्यात वेगळं, पासपोर्टात वेगळं. 'मॅडम, इंग्रजीत पासपोर्टातलंच लिहा ना. मूळ कोण वाचणार?' मी त्याला मोठं व्याख्यान दिलं होतं. साहित्याच्या अनुवादात मोकळीक असते, दाखल्याच्या अनुवादात नसते, वगैरे. बिचारा चहा न घेता गेला. त्याचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही, आणि हे आता मला बरं वाटत नाही.

कारण त्या नोव्हेंबरात मीही तेच केलं. बहिणीच्या दाखल्याचं भाषांतर टाइप करताना आईच्या नावाच्या जागी देवीचं नाव लिहिलं. तीन-चार अक्षरांचा तर प्रश्न होता. फाइल बंद करून झोपले. सकाळी उघडली तर ते पान खोटं दिसत होतं असं म्हणता येणार नाही, उलट फार खरं दिसत होतं. अर्ज, पासपोर्ट, दाखला, सगळीकडे एकच बाई. फक्त ज्या बाईने बहिणीला जन्म दिला तेव्हा तिचा बाप तिला ज्या नावाने हाक मारत होता, ते नाव जगात उरलेल्या एकुलत्या एका सरकारी कागदावरून मी पुसलं होतं. शाळेचा दाखला हरवलाय. लग्न नोंदवलेलंच नव्हतं. सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २००६ साली, आईचं लग्न त्याच्या तीस वर्षं आधीचं. पत्रिका आहे, पण पत्रिकेत माहेरचं नाव असतं, 'चि. सौ. कां.'सकट. नवीन नाव तर मांडवात ठरतं. त्याचा पुरावा ते ताट, आणि तांदूळ त्याच दिवशी विस्कटले.

मी नाव परत बदललं.

पण मग जोडणारं काहीतरी हवं. पासपोर्टच्या अर्जात एक प्रश्न असतो, तुम्ही कधी नाव बदललं आहे का. २०२१मध्ये आईचा अर्ज मीच भरला होता. मी तिला मोठ्याने विचारलं होतं, 'नाव बदललंयस का?' ती भाजी निवडत म्हणाली, 'मी कुठे बदललं? त्यांनी बदललं.' मी हसले आणि 'नाही'वर खूण केली. आता तो विनोद अंगाशी आला होता.

आनंदीबाई जोश्यांची आठवण या दिवसांत वारंवार येत होती. त्या माहेरच्या यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि आनंदी झाल्या. १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, अमेरिकेत उतरल्या, १८८६मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या. जातीने छळलं, नवऱ्याने छळलं, हवेने छळलं, पण यमुना आणि आनंदी एकच आहेत हे सिद्ध करून दाखवा असं बंदरावर कोणी म्हटलं नाही. तेव्हा सगळं मोकळं होतं असंही नाही. आदल्याच वर्षी, १८८२मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा केला होता. कोणाला अडवायचं हे आधी वंशावरून ठरलं, कागदांचा व्याप मागून आला. पासपोर्टाची सक्ती रुळली ती पहिल्या महायुद्धात, आणि आपल्याकडचा पासपोर्टांचा पहिला कायदा १९२०चा. आता महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचं आहे. चांगलंच आहे. माझ्या आईच्या पिढीच्या बाबतीत मात्र पुढचा प्रश्न उरला असता, की कोणतं?

शेवटी दोन गोष्टी केल्या. भाषांतराखाली एक टीप लिहिली. काही मराठी कुटुंबांत लग्नानंतर वधूचं पहिलं नाव बदलण्याची प्रथा आहे, जन्मदाखल्यातलं नाव विवाहापूर्वीचं आहे, अशा अर्थाची, जेमतेम चाळीस शब्दांची. माझ्या कादंब-यांच्या तळटीपा संपादक निर्दयपणे छाटतात, आणि बहुतेक वेळा बरोबरच करतात. ही टीप मी दोन दिवस घासत होते. सही माझी चालणार नव्हती, घरच्याच कागदाला घरचाच साक्षीदार कसा असेल? ओळखीच्या एका अनुवादकाने मूळ दाखला शब्दन् शब्द ताडून सही केली. त्याने एक स्वल्पविराम काढला.

दुसरं, प्रतिज्ञापत्र. पतियाळा हाउस न्यायालयाच्या बाहेर नोटरी बसतात. दहा रुपयांचा स्टॅम्पपेपर, इंग्रजी मजकूर तयारच असतो, 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' अशा घाटाचा, नुसती नावं भरायची. नोटरीने चष्म्यावरून पाहिलं. 'माताजी, दोनों नाम आप ही के हैं?' आईचं हिंदी अजून कराडचंच आहे. ती म्हणाली, 'एक मेरा है, एक दिया हुआ है.' तो म्हणाला, 'नाम तो सब दिए हुए ही होते हैं,' आणि शिक्का मारला. यावर आईला उत्तर सुचलं ते परतीच्या रिक्षात.

वैशालीहून मेट्रो यमुना ओलांडते. त्या महिन्यात नदीवर फेस असतो आणि वर धुरकं. राजीव चौकात उतरून शिवाजी स्टेडियमपर्यंत चालत गेलो. तिथल्या मेट्रो स्थानकाच्या आतच व्हिसाचे अर्ज घेणारं केंद्र आहे. महाराजांच्या नावाच्या स्थानकात शिरून परवाना मागायचा, याची आईला गंमत वाटली. दहा बोटांचे ठसे घेताना तिची डाव्या हाताची दोन बोटं यंत्राला दिसेनात. भांडी, राख, विळी, पन्नास वर्षं. तिथल्या मुलीने ओला रुमाल दिला, हात धरून बोट दाबलं, तिसऱ्या खेपेला जमलं. फार आपुलकीने वागली ती. नव्वद युरो शुल्क भरलं, तीस हजार युरोंचा विमा आधीच काढला होता. ७१ वर्षांच्या बाईचा विमा म्हणजे विमा कंपनीला दुसरंच बाळंतपण.

डिसेंबरात नकार आला.

नकाराचा कागद छापील असतो. कारणांची यादी आणि लागू असेल त्या कारणापुढे खूण. मी नावाच्या अंगाने यादी वाचत गेले, कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल शंका, वगैरे. तिथे खूण नव्हती. खूण होती ती मुदतीपूर्वी परत जाण्याच्या हेतूबद्दल रास्त शंका आहे, या कारणापुढे. नावावर कोणी बोटच ठेवलं नव्हतं. कदाचित ती टीप वाचून कोणाला पटली असेल, कदाचित कोणी वाचलीच नसेल.

मला राग आला, पण त्या कागदाकडे अनुवादकाच्या नजरेने पाहिल्यावर तो कागदच जास्त रोखठोक वाटला. विधवा, नोकरी नाही, एक मुलगी तिकडे. परत यायचं कारण काय? साहित्याचा वाचक पुस्तक उघडतो तेव्हा निदान काही पानं तरी विश्वास उसना देतो. व्हिसाच्या फाइलचा वाचक अविश्वासापासून सुरुवात करतो, तसंच त्याला शिकवलेलं असतं. आणि मी फाइल लिहिली होती ती पहिल्या प्रकारच्या वाचकासाठी.

आईला विचारलं, 'तू परत का येशील?' तिला प्रश्नच कळला नाही. मग बोटं मोजून म्हणाली, मार्चमध्ये कुरडया. ताईची (म्हणजे माझ्या मावशीची) डोळ्याची शस्त्रक्रिया. भिशीचा नंबर. तुळस तुझ्याच्याने मरेल. 'आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला नाही का द्यायचा?'

हे मात्र कामाचं होतं. वडिलांचं कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळतं आणि त्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. दुसऱ्या अर्जात बँकेचं पासबुक आणि हयातीचा दाखला लावला. शिवाय गावचा सातबारा. वडिलांमागे वारस म्हणून तिचं नाव चढलं होतं, दोन दिरांच्या नावांखाली. सोळा गुंठे जिरायत, त्यात थोडा पोटखराबा, इतर हक्कांत विहिरीच्या पाण्याचा चौथा हिस्सा. भोगवटादार वर्ग एक. या शब्दांना इंग्रजी देताना मला नेहमी मौज वाटते. पोटखराबा म्हणजे मालकीच्या जमिनीच्या पोटातली न पिकणारी जागा, ओढा, वाट, खडक. इंग्रजीत त्याचं 'लागवडीस अयोग्य क्षेत्र' होतं आणि पोट नाहीसं होतं. विहिरीचा चौथा हिस्सा मात्र जसाच्या तसा उतरला. पाण्याच्या एका हिश्शासाठी माणूस परत येतो हे कुठल्याही देशातल्या अधिकाऱ्याला कळत असावं. सातबाऱ्यावर नाव अर्थात देवीचं आहे.

दुसऱ्यांदा ठसे द्यावे लागले नाहीत, आधीचे ५९ महिने चालतात. अर्ज जानेवारीअखेर दिला. नियमात निर्णयाला पंधरा दिवस आहेत, गरज पडल्यास पंचेचाळीसपर्यंत वाढवता येतात. आमच्या वाट्याला वाढवलेले आले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बहीण बाळंत झाली, मुलगी. आई त्या रात्री मोबाइल हातात धरून बसली होती. पडद्यावर बाळ दिसलं तेव्हा तिने आधी, 'हिच्या कानाला वारा लागतोय, टोपरं घाल,' असं सांगितलं आणि मग रडली. बाराव्या दिवशी बारसं झालं नाही. बहिणीने ठेवलं होतं पुढे ढकलून.

पासपोर्ट मार्चच्या मध्यावर परत आला. तोवर आईने हळीव निवडून डबा भरून ठेवला होता आणि बॅगेचं वजन न्हाणीघरातल्या काट्यावर तीनदा केलं होतं. मी पाकीट फाडून व्हिसाचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा पुसला, आडनाव वाचलं, मग नाव, त्याला चिकटलेलं वडिलांचं नाव, मग फोटो बराच वेळ पाहिला.

'मिळाला म्हणायचा हिला,' ती म्हणाली.

'तुला मिळालाय आई.'

'तेच म्हणतेय. हिला मिळाला. दुसरी कऱ्हाडच्या पुढे कधी गेलीच नाही.' मग पासपोर्ट माझ्या हातात परत देत म्हणाली, 'नीट ठेव. आणि तुळशीला रोज एकच तांब्या, दोन नाही.'