केवलादेवच्या तळ्यावरील माद्या

राजस्थानातील भरतपूरला हिवाळ्यात जाण्याचा योग आला, तर पहाटेच केवलादेवच्या पाणथळीचा रस्ता धरावा. धुके विरळ होऊ लागले, की पाण्यावर बदकांचे थवे दिसू लागतात. नवख्याची दृष्टी नरांच्या रंगांवर खिळते. माद्या त्याला एकजात मातकट वाटतात. पण वाचकहो, घटकाभर थांबा.

रंगावर विसंबू नका. शरद ऋतूत नुकतेच आलेले नरही पुष्कळदा मातकटच असतात. आधी चोच पाहा. फावड्यासारखी रुंद चोच असेल, तर ती थापट्याची मादी. करडी चोच, लांब सडपातळ मान आणि टोकदार शेपूट तलवार बदकाच्या मादीची. चोचीच्या कडा नारिंगी आणि पंखावर पांढरा ठिपका, ती गडवालची. इवलीशी, पंखावर हिरवा पट्टा असलेली चक्रांगाची. आपल्या हळदीकुंकू बदकात मात्र नर-मादी जवळजवळ सारखेच.

हा साधेपणा म्हणजे दारिद्र्य नव्हे. या पाहुण्या बदकांत अंडी उबवते ती एकटी मादी. दूर उत्तरेकडे, जमिनीवरील घरट्यात ती निश्चल बसली, की वाळल्या गवताचा हा रंगच तिला कोल्ह्याच्या नजरेतून वाचवतो.

येथील शिलालेखावर १९३८ साली एकाच दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद आहे. शिकाऱ्यांनी नुसती बेरीज मांडली. १९८५ पासून जागतिक वारसा असलेल्या या स्थळी आपण निदान एकेकीला ओळखून परतावे.