पहाटे पाच वाजता मी नसते

आमचं मूळ घर वसईचं, पण पप्पांच्या नोकरीमुळे मुक्काम बडोद्याला. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले की पॅरिशचं एखादं काम माझ्या गळ्यात पडतंच. यंदाचं काम ईमेलचं होतं. आमच्या मराठी बोलणाऱ्या कुटुंबांत ज्या दिवशी कुणाचा स्मृतिदिन असेल, त्या दिवशी पहाटे पाचला त्या घरी एक मेल जावी: आज मिस्सामध्ये तुमच्या माणसाची आठवण होईल. आणि २ नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या दिवशी, सगळ्याच घरांना.

पॅरिश ऑफिसात उबुंटूवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर आहे. मी पायथॉनमध्ये वीस-बावीस ओळी लिहिल्या. युवा गटातला एक इंजिनिअर दादा आहे, त्यानं पहाटे आपोआप चालण्यासाठी क्रॉन लावून दिला आणि त्या कामापुरतं 'टपाल' नावाचं वेगळं खातं उघडलं. मी स्वतः प्रोग्रॅम चालवून पाहिला. मेल मला आली. खूश होऊन झोपले.

२ तारखेला एकही मेल गेली नाही.

चर्चच्या पायऱ्यांवर एका काकूंनी गाठलं. त्यांचे यजमान गेल्या नोव्हेंबरात गेले. "सकाळपास्नं नातवाला फोन बघायला लावतेय. आमच्या माणसाचं नाव राहिलं का गं?" मला उत्तर देता आलं नाही. ऑफिसात जाऊन हातानं प्रोग्रॅम चालवला, तर सगळ्या मेल निमूट गेल्या! दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा काही नाही.

क्रॉनचं एक गमतीशीर आहे. काम फसलं तर तो तक्रार करतो, पण ती मेलनं. त्या कॉम्प्युटरवर स्थानिक मेल पोचवणारी सोयच नव्हती, म्हणून सिस्टिमच्या नोंदवहीत एवढंच सापडलं की मेलची सोय नाही, मजकूर टाकून दिला. म्हणजे मेल का गेली नाही हे सांगणारी मेलसुद्धा गेली नाही.

परवानगीचा घोळ असणार असा अंदाज करून मी तेच केलं जे घाईतला प्रत्येक माणूस करतो. सीएचमॉड ७७७, अख्ख्या फोल्डरला. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, बेरीज ७. एक सात मालकाला, एक गटाला, एक उरलेल्या जगाला. आता कोण अडवतंय?

अडवलं ते मेल पाठवणाऱ्या एमएसएमटीपीनं. पासवर्ड असलेली फाइल मालकाखेरीज कुणालाही उघडी असेल तर तो काम करायलाच नकार देतो. आता माझ्या हातानंही मेल जाईना.

संध्याकाळी दादा आला. स्क्रीन बघून त्यानं पहिली गोष्ट विचारली, "या यादीत काय काय आहे?" नावं, फोन नंबर, आणि एका रकान्यात कोण आजारी आहे, कशानं. मी गप्प. "या कॉम्प्युटरवर कॅटेकिझमची मुलं प्रोजेक्ट करतात. तुझ्या सातामुळे त्यातलं कुणीही जिवंत माणसाचं नाव मृतांच्या यादीत लिहू शकतं." मला घाम फुटला.

मग त्यानं 'सूडो'नं माझाच प्रोग्रॅम 'टपाल' बनून चालवायला शिकवलं. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. वर्गात आपण निवेदक म्हणजे लेखक नव्हे हे घोकतो, आणि इथं मी धरून चालले होते की पहाटे पाचला ते काम मीच करते. करत होता 'टपाल', आणि त्याला माझ्या घरात पाऊल ठेवायची मुभा नव्हती. उबुंटू २१.०४ पासून नव्या खात्याचं होम फोल्डर परक्यांना बंदच असतं. आतली फाइल कितीही उघडी असो, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून जाण्याची परवानगी, म्हणजे तो १, लागते. 'नेमआय' नावाची कमांड ही सगळी वाट पायरीपायरीनं दाखवते. आमची वाट दुसऱ्याच पायरीवर अडली होती.

मला आपली सेंट्रल लायब्ररी आठवली. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून संस्थानात मोफत वाचनालयं उभी केली. पुस्तक कुणीही वाचावं, पण समासात लिहायचं नाही. वाचणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत हे लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त कॉम्प्युटरसमोर आठवलं नाही.

सगळं माझ्या फोल्डरातून बाहेर, सामाईक जागी हलवलं. पासवर्डची फाइल 'टपाल'च्या मालकीची, ६००. यादी ऑफिसातल्या बाईंच्या मालकीची, ६४०. 'टपाल'नं ती वाचायची, बाकीच्यांना बंद. नोंदवहीच्या फोल्डरात मात्र त्याला लिहू दिलं, म्हणजे पुढची तक्रार तरी हरवणार नाही. 'टपाल' बनून चालवलं. गेली!

९ तारखेला मी कॉलेजला परतले होते. पहाटे पाच वाजून एक मिनिटानं फोन वाजला. प्रत्येक मेलची एक प्रत मला येते. काकूंच्या यजमानांचा स्मृतिदिन. आठच्या सुमारास काकूंचा फोन.

"नाव आलं गं. पण आडनाव चुकलंय बघ."

लगेच यादी दुरुस्त करायला लॅपटॉप उघडला, लांबूनच त्या कॉम्प्युटरवर गेले आणि समोर 'परमिशन डिनाइड'. मग ऑफिसातल्या बाईंना फोन लावला.