वाटाण्याचा ओठ

दांडिया बाजार, सूरसागरच्या आठवणी इथे नेहमी वाचते. माझी आठवण तशी ताजी आहे, मागच्या थंडीतली, आणि आहे एका माशाची. हसू नका!

मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा पफर मासा माझ्या गळ्यात पडला. समुद्रातला नाही हं, गोड्या पाण्यातला, केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला. १९४१ साली होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी त्याची पहिली नोंद केली, त्रावणकोरवरून नाव दिलं. जेमतेम इंचभर जीव, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव वाटाणा. दात पोपटाच्या चोचीसारखे, आणि ते आयुष्यभर वाढतात. गोगलगायींचे शंख फोडून झिजले तर ठीक. त्यामुळे ओट्याखाली लोणच्याची बरणी असायची तिथे आता गोगलगायी!

एकटा बिचारा, म्हणून मी अजून एक मासा आणला. दुकानदारही म्हणाला, "बेन, जोडी सारी." त्याचं नाव पावटा. आठ-दहा दिवसांत वाटाण्याने खाणं सोडलं. अळीजवळ जायचा, तोंड उघडायचा आणि माघारी फिरायचा. चार दिवस असेच गेले. मुलगा फोनवर म्हणाला, दात वाढले असतील, लवंगतेलाच्या पाण्यात गुंगी देऊन कापावे लागतात. मी लवंगतेल आणि बारीक कटर आणूनही ठेवलं, पण थेंब जास्त पडला तर मासा परत उठायचा नाही. हात कापत होते.

रविवारी सासरे जेवायला आले. अप्पा दांडिया बाजारात एकटेच राहतात, जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. म्हणाले, "अगं, उघडून बघितल्याशिवाय मी कधी काटा बदलला नाही." जाळीने काढला तर हा घाबरून हवा गिळतो नि फुगतो, मग ती हवा सहज बाहेर पडत नाही. म्हणून पेला पाण्यातच बुडवून त्याला आत घेतलं. अप्पांनी डोळ्याला भिंग लावलं. दात अगदी व्यवस्थित होते. वरचा ओठ मात्र एका बाजूला फाटला होता.

"काचेवर आपटला असेल," मी म्हटलं. अप्पा काही बोलले नाहीत. स्टूल ओढून तासभर टाकीसमोर बसले. वरण निवलं. मग हाक मारली, "तो दुसरा बघ." पावटा त्याला कोपऱ्यात गाठून चावत होता.

पावट्याला त्याच संध्याकाळी मुलाच्या मित्राच्या रिकाम्या टाकीत पाठवलं. दुसऱ्या दिवशी जखमेवर पांढरी कड दिसली. दुकानदार म्हणाला बुरशी, निळं औषध घाला. बाटली हातात होती. पण या माशाला खवले नसतात, औषध जरा जास्त झालं की बाधतं. शिवाय बुरशी आणि एक जिवाणूंचा रोग दोन्ही कापसासारखे दिसतात, औषधं मात्र वेगळी. मी दिवसातून दोनदा भिंगातून बघत राहिले. कड कापसासारखी नव्हती, पसरतही नव्हती. नवी कातडी धरत होती.

मग उपचार एवढाच: रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, आजव्याचं नळाचं पाणी क्लोरीन घालवूनच ओतायचं, उरलेलं खाणं लगेच काढायचं. टोकदार प्लास्टिकची झाडं काढली, गोगलगायी बंद. पाचव्या दिवशी त्याने अर्धी मऊ अळी ओढली आणि मी सकाळी साडेसहाला पुण्याला फोन लावला. तीन आठवड्यांनी पहिली छोटी गोगलगाय दिली. कडक आवाज झाला की नाही देव जाणे, मला मात्र ऐकू आला.

त्या रविवारी खरं तर अप्पांकडे विषय काढायचा होता: "आता एकटे नका राहू, आमच्याकडे कारेलीबागला या." गोड म्हणून श्रीखंडही केलं होतं. नाही काढला. अप्पा अजून तिथेच राहतात. रविवारी येतात, खिशात भिंग असतं, आणि आल्या आल्या आधी टाकीकडे जातात.